निदण, वाडं आणि सरकलेला बांध

काकी, सलाम.

मी पन्हाळा तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. माहेर कोल्हापूर शहरातलं, लग्नाआधी खुरपं हातात धरलं नव्हतं. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, शिफ्ट ड्युटीला. त्यामुळं अडीच एकर रान आणि दोन म्हशी मीच बघते. दीड एकर ऊस, बाकी भुईमूग. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीचा सण आहे. 'शेतातून शिकलेले विश्वासाचे धडे' यावर महिलांच्या वतीनं मी पंधरा मिनिटं बोलावं, असं पाळकसाहेबांनी ठरवलंय. मी वही केली. तण म्हणजे पाप, पाणी म्हणजे वचन, खत म्हणजे प्रार्थना, कीड म्हणजे सैतान. पुढं काही सुचेना. खरं सांगू का, भांगलताना, तण काढताना मला देव आठवत नाही, कंबर आठवते. रविवारी डेअरीला दूध घालून उपासनेला पोचेपर्यंत निम्मा उपदेश झालेला असतो, कधीकधी जाणंच होत नाही. माझा विश्वासच कमी आहे का? त्यात चुलत दिरांनी यंदा ट्रॅक्टर घालताना बांध पुन्हा आमच्याकडं सरकवलाय, डोकं सारखं तिकडंच जातं. असो. बोलायला चार मुद्दे सुचवाल का?

– एक बहीण, पन्हाळा तालुका

सलाम. तू माझ्या भाचीच्या वयाची असशील, म्हणून 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

चार मुद्दे मागितलेस, ते मी देणार नाही. 'देव आठवत नाही, कंबर आठवते' हे वाचून आधी हसले, मग पत्र पुन्हा वाचलं. अख्ख्या पत्रात तुझं स्वतःचं म्हणावं असं तेच वाक्य आहे आणि नेमकं तेच तू वहीत घेतलं नाहीस.

वहीतल्या जोड्या चुकीच्या आहेत असं नाही. पण त्या जुळवायला रानात जावंच लागत नाही. मी इथं पंख्याखाली बसून तुला आणखी वीस देईन: मोटर म्हणजे पवित्र आत्मा, लाईट गेली म्हणजे परीक्षा, फ्यूज उडाला म्हणजे क्रोध. तीस वर्षं संडेस्कूलच्या पोरांना मी असल्याच जोड्या वाटल्या. पोरं माना डोलवायची. एकदा पेरणाऱ्याचा दृष्टान्त सांगताना चौथीतल्या एकानं मात्र हात वर करून विचारलं, "बाई, त्यो पेरणारा येडा हुता व्हय? वाटंवर कोण बी टाकतंय?" त्याच्या घरी बैलाची कुरी होती. कुरीच्या चाड्यातून बी मुठीमुठीनं नळ्यांत उतरतं, वाटेवर दाणा जात नाही. मी त्याला गप्प बसवलं आणि चार प्रकारच्या जमिनी फळ्यावर लिहून दिल्या. आता वाटतं, त्या दिवशी वर्गात दृष्टान्त ऐकला असेल तर तो त्या एकट्यानं.

प्रभूंच्या काळी त्यांच्या मुलखात मूठपेर होती, रानातून पायवाटा जायच्या, फेकलेलं बी थोडंफार वाटेवर पडणारच, एवढं खरं. तरी प्रभूसमोर बसलेल्या लोकांतही शेतकरी असणारच. पाखरांनी खाल्लं, खडकावर करपलं, काट्यांत घुसमटलं, एवढी नासाडी ऐकताना त्यांच्या पोटात कालवलं असणार. पेरणीच्या तोंडाला बियाण्याच्या पिशवीसाठी ज्यानं उसनवारी केलीय, त्यालाच हा पेरणारा किती उधळ्या आहे ते कळतं. मला फळ्यावर ते कळलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. रान आणि वचन कुठं जुळतं ते शोधत बसू नकोस. शेतकरीण म्हणून तुझं डोकं जिथं वचनाशी भांडायला लागतं, तिथं थांब. धडा असलाच तर तिथं असतो.

आता निदण घे. शहरातल्या मंडळीत हा शब्द विचारलास तर निम्म्यांना अर्थ सांगता येणार नाही. (आपलं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, असल्या शब्दांनी भरलेलं आहे: सरवा, खळं, सूप, मळणी, जू. १८५२ साली वाइल्डरसाहेब कोल्हापुरात मिशनचं काम घेऊन आले. त्यांना नि त्यांच्या मागून आलेल्यांना हे शब्द घोकावे लागले असतील, ऐकणाऱ्या गावकऱ्याला ते समजावून सांगायची गरज पडली नसेल.) तर प्रभूंच्या एका दृष्टान्तात गव्हात वैऱ्यानं निदण, म्हणजे तण, पेरलं. कणीस बाहेर पडेपर्यंत ते गव्हासारखंच दिसतं. चाकर विचारतात, उपटू का? मालक म्हणतो, नको, त्याच्याबरोबर गहूही उपटून येईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या.

हे भांगलायला वाकलेल्या बाईसमोर वाचून बघ. तुझ्या सासूबाई काय म्हणतील ते मी इथूनच सांगते: "असला मालक असंल तर रान पडीक पडंल." आणि त्यांचं बरोबरच आहे. लव्हाळ्याची एक गाठ जमिनीत राहिली तरी थोड्याच दिवसांत सरी पुन्हा हिरवी दिसायला लागते. टारफुला तर उसाच्या मुळावरच जगतो, त्याला कापणीपर्यंत कोण ठेवील? प्रभूंनी इथं शेतीचा सल्ला दिलेला नाही. शेत म्हणजे जग, असं त्यांनीच पुढं उलगडून सांगितलंय. पण दिवसभर खुरपं चालवलेला हात संध्याकाळी घरी आल्यावरही चालूच राहतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. मंडळीत खरं कोण, निदण कोण, याची यादी आपल्या प्रत्येकीच्या डोक्यात तयार असते. माझी बरीच लांब होती. मागं मी महिनाभर अंथरुणाला खिळले, तेव्हा त्या यादीतल्या दोघीजणी आळीपाळीनं डबा घेऊन यायच्या. मी डबा खाल्ला. यादीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

विश्वास कमी आहे का, असं विचारलंस. यशयाचा २८वा अध्याय काढ आणि शेवटच्या सात-आठ ओव्या वाच. उपदेशात त्या फारशा ऐकू येत नाहीत. नांगरणारा सदानकदा नांगरतच बसतो काय, असं तिथं विचारलंय. रान सारखं झालं की कुठलं बी कुठं टाकायचं ते त्याला कळतं. जिरं काठीनं झोडपायचं, त्याच्यावरून गाडा फिरवायचा नाही, हेही कळतं. आणि ही अक्कल त्याला त्याचा देव देतो. उपासनेबद्दल, प्रार्थनेबद्दल तिथं चकार शब्द नाही. सगळं कसबाबद्दल आहे.

तुझा भुईमूग काढायला आलाय का, ते तू कसं बघतेस? वेल उपटायचा, दोन-चार शेंगा अंगठ्यानं फोडायच्या, दाणा तोंडात टाकायचा आणि टरफल आतून बघायचं. आतली बाजू पांढरी असली तर अजून दम धरायचा. तपकिरी-काळपट डाग धरले असले की काढणीला बायका बोलवायच्या. शहरातली पोर तू, हे तुला सासूबाईंनी शिकवलं असणार, त्यांना त्यांच्या सासूनं. यशयाला विचारलंस तर तो म्हणेल, त्या सगळ्यांच्याही आधी शिकवणारा दुसराच आहे. टरफल बघताना तुला देव आठवलाच पाहिजे, अशी अट त्यानं घातलेली नाही.

रविवारचं आणि कंबरेचं एकत्रच सांगते, कारण लूकनं ते एकत्र सांगितलंय. तेरावा अध्याय. शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या वारी, सभास्थानात एक बाई आली. अठरा वर्षं वाकलेली, सरळ उभंच राहता येत नव्हतं. प्रभूंनी तिला हाक मारून जवळ बोलावलं, हात ठेवला, ती सरळ झाली. सभास्थानाचा अधिकारी चिडला: बरं व्हायला सहा दिवस आहेत की, शब्बाथ कशाला? त्यावर प्रभूंनी काय दाखला दिला? तुम्ही शब्बाथ दिवशी बैलाला, गाढवाला गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेत नाही काय?

म्हणजे बघ, म्हशीचं दावं सोडणं आणि वाकलेली कंबर सरळ होणं, दोन्ही एकाच श्वासात. रविवारी सकाळी धार काढून, दूध घालून तू उशिरा पोचतेस, त्याबद्दल मान खाली घालायचं कारण मला दिसत नाही. सड तटतटले की म्हैस हंबरते, तिला वार कळत नाही. ज्या कुणी तुला टोमणा मारला असेल (तू लिहिलं नाहीस, पण कुणीतरी मारलाय हे कळतं), तिच्या घरी जनावर नसणार.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. निर्गमात विसाव्याचा नियम आहे, त्याला एक शेपूट जोडलेलं आहे: नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही विसावा घ्यायचा. म्हणजे काम अंगावर आलेलं असतं, नेमकं तेव्हाच. मला हे वचन अजिबात आवडत नाही. हंगामात एक दिवस गेला तर काय होतं ते माझ्या बापाच्या तोंडावर मी बघितलंय. तरीही ते लिहिलेलं आहे, आणि निर्गमातच दुसरीकडं बैलाला, चाकराला, परक्यालाही विसावा सांगितलाय. दूध टळत नाही, मान्य. रविवारची भांगलण टळते का, ते तूच बघ. आणि भांगलायला येणाऱ्या बायकांना आठवड्यात कुठला दिवस मोकळा मिळतो, तेही.

लूकच्या त्याच तेराव्या अध्यायात अंजिराचं झाड आहे, तीन वर्षं फळ नाही. मालक म्हणतो तोड. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, भोवतीनं खणतो, खत घालतो. तुझा खोडवा, तोडलेल्या उसाचा पुन्हा फुटलेला ऊस, आठव. नांग्या पडलेला, बारीक फुटव्यांचा, मोडू का ठेवू असं वाटायला लावणारा. हिशेब मोडच म्हणतो आणि बहुतेकदा हिशेब खरा ठरतो. पुढच्या वर्षी अंजीर लागलं की नाही ते लूकनं सांगितलेलंच नाही.

बोलायचंच असेल तर हा एक अध्याय पंधरा मिनिटांना पुरून उरेल. सुरुवात कंबरेपासून कर. समोर बसलेल्या बायकांपैकी निम्म्यांच्या पाठीला तेव्हा झंडू बाम चोळलेलं असेल, त्यांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता महिना-दीड महिन्यात तुझ्या उसाला तोड येईल. टोळी येईल. बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर, खोपटं, कडेवर पोरं, बीडकडची नाहीतर आणखी लांबची माणसं. तेव्हा लेवीय १९ वाच. रान कापताना कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. रूथ असाच सरवा वेचत बवाजाच्या शेतात आली, तीही परमुलखातली. उसात सरवा नसतो, हे खरंय. पण वाडं असतं, उसाचे हिरवे शेंडे. टोळीतले लोक वाडं विकून चार पैसे करतात आणि त्यावरून दरसाल बांधावर कटकट होते, कारण आपल्याही दावणीला जनावरं असतात. वरून खुशाली, म्हणजे बक्षिसी, मागतात, तेव्हा तर डोक्यात तिडीक जाते. माझ्या भावाच्या रानात मी स्वतः एकदा एका पोरीच्या डोक्यावरचा वाड्याचा भारा उतरवून घेतलाय. आमचं रान, आमचा ऊस, आमचं वाडं. ती बारा-तेरा वर्षांची असेल. काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. मी त्या वेळी संडेस्कूलला रूथच शिकवत होते.

तर तू आधीच ठरवून घे. मुकादमाशी बोलून म्हशींपुरते रोजचे किती भारे ते ठरव, बाकीच्याला हात लावू नकोस. भांगलणीच्या बायकांची हजेरी बिल आल्यावर देऊ म्हणून अडकवून ठेवू नकोस. कारखान्याचं बिल कधी येईल ते तुझ्या हातात नाही, त्यांच्या तर नाहीच नाही. याकोबाच्या पाचव्या अध्यायात अडकवलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय. ते अलंकारिक आहे असं मला पूर्वी वाटायचं.

हे सगळं लिहून झालं, पण पत्र पहिल्यांदा वाचतानाच मी जिथं अडकले ती ओळ 'असो'च्या आधीची आहे. बांधाची. डोकं सारखं तिकडंच जातं, असं तू लिहिलंस. मग तुझं रान तुला सध्या जे काही शिकवतंय ते तिथंच शिकवतंय, कापणीच्या सणात नव्हे.

शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात शापांची यादी आहे. मूर्ती करणारा, आईबापांना तुच्छ लेखणारा, आणि लगेच तिसरा: शेजाऱ्याची शीव सरकवणारा. प्रत्येक शापाला सगळ्या लोकांनी 'आमेन' म्हणायचं. आपल्या गावांत हा तिसरा शाप वाचला तर आमेन म्हणताना किती जणांचा घसा बसेल, याचा मी अनेकदा विचार करते.

आमच्या घरचं सांगते. माझे वडील मंडळीत 'वडील', म्हणजे कारभारी पंचांपैकी एक, होते, पंचायतीला बसायचे, प्रभुभोजनाचं ताट फिरवायचे. आमच्या रानाला लागून एका विधवा बाईचं रान होतं. मी लहान असताना त्या बांधावरून बैलजोडी जायची. पुढं पुढं आई डोक्यावर बुट्टी घेऊन त्यावरून चालताना एका पुढं एक पाय टाकायची. बांधावर एक शेवगा होता, त्याची मुळं त्या बाईच्या बाजूला उघडी पडली होती. नांगर दरसाल वीतभर तिकडं जायचा. मुद्दाम म्हणशील तर मुद्दाम नाही, पण बैल बांधाशी वळवताना कासरा जरा सैल सोडायचा, एवढंच.

एका रविवारी प्रभुभोजनाआधी पाळकांनी मत्तयातलं वाचलं: वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जा. वडील उठले आणि बाहेर गेले. आम्हाला वाटलं, पोट बिघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बैल घेऊन रानात गेले आणि दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, मागं घेऊन नवा बांध घातला. दगड स्वतः उचलून लावले. ती बाई तिथं आली, कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. मला वाटलं, रडेल, आशीर्वाद देईल, कीर्तनात होतं तसं काहीतरी. ती म्हणाली, "दोन तास दिलंस. बाकीचं कवा देणार?"

वडील तणतणत घरी आले. दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. पुढच्या साली आणखी सोडलं की नाही, ते मला माहीत नाही, मी तोवर बोर्डिंगात गेले होते.

तुझ्या रानाला चार बांध असतील. एकच सरकलाय का? दिराकडं जायच्या आधी बाकीचे तीन बघून ये. तुझ्याकडचा रोटाव्हेटर भाड्याचा, चालवणारा दुसरा, त्याला कड दिसते पण शीव दिसत नाही. दुसऱ्याचं काही आपल्याकडं आलेलं आढळलं तर आधी ते सोड. हे दिराला दाखवण्यासाठी करायचं नाही. पण गावात ते त्याला कळणारच, हेही मला माहीत आहे.

मग मत्तय १८ मधला क्रम: आधी एकट्यानं गाठ, नाहीच ऐकलं तर एका-दोघांना बरोबर घेऊन. एकट्यानं म्हणजे सासूबाईंना पुढं घालून नव्हे. मिस्टरांची सुट्टी बघा आणि दोघं जा, संध्याकाळी, जेवणाआधी. जुनं काही उकरू नका. 'यंदाचं तेवढं बघूया' म्हणा. तरी नाहीच जमलं तर तालुक्याला भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यायला अजिबात कचरू नकोस. मोजणी मागणं म्हणजे क्षमा न करणं, असं कुणी तुला सांगेल. मला ते पटत नाही. शीव कुठं आहे ते कळल्याशिवाय क्षमा नेमकी कशाची करायची? फक्त अर्ज ऊस तुटायच्या बेतानं दे, उभ्या उसात मोजणी धड होत नाही. नोटीस दिरालाही जाईल, म्हणून ती जायच्या आधी त्यांना तोंडानं सांग.

कापणीच्या सणात मात्र बांधाचा उल्लेख करू नकोस. दीर समोर बसलेले असतील.

त्यांच्याकडं जाशील तोवर गुऱ्हाळं पेटली असतील. बाटलीभर काकवी घेऊन जा. बोलणं फिसकटलं तरी बाटली परत आणू नकोस.